गर्भपिशवीतले जिवाणू : प्रस्तावना

मूल व्हावं म्हणून उपचार घेणाऱ्या जोडप्याची फाइल वजनदार असते. एएमएच, थायरॉइड, नळ्या मोकळ्या आहेत का ते पाहणारा एचएसजीचा एक्स-रे, नवऱ्याची वीर्यतपासणी, सोनोग्राफीचे पुसट होत चाललेले प्रिंट, आधीच्या दवाखान्यातली बिलं. गेल्या काही वर्षांत या फायलीत एक नवा रंगीत कागद लागू लागला आहे. गर्भपिशवीच्या अस्तरात कोणते जिवाणू किती टक्के सापडले, ते त्यावर चकतीचे तुकडे पाडून दाखवलेलं असतं. लॅक्टोबॅसिलस नावाचा तुकडा मोठा असला तर खाली समाधानाचा शेरा. लहान असला तर अँटिबायोटिकचं नाव, मग प्रोबायोटिकच्या कॅप्सूल, मग कदाचित पुन्हा तपासणी. गर्भ तोवर फ्रीझ करून ठेवलेले. ट्रान्सफर आत्ता करायचा की थांबायचं, हे त्या चकतीकडे कितीही वेळ पाहिलं तरी कळत नाही. ते कळायला आणखी काय काय माहीत असावं लागतं, एवढं सांगण्यासाठी ही पुस्तिका आहे.

माझं मत प्रस्तावनेतच सांगून टाकते, म्हणजे पुढची पानं किती सावधपणे वाचायची ते वाचकांना ठरवता येईल. गर्भपिशवीत जिवाणू सापडतात आणि त्यांतले काही गर्भ रुजण्याच्या आड येत असावेत, हे मला पटतं. पण जिवाणू सापडणं, त्यांच्यामुळे आजार होणं आणि त्यांच्यावर औषध दिल्याने दिवस राहणं, या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रत्येकीचा पुरावा वेगळा द्यावा लागतो. आपल्याकडे पहिलीवरून थेट तिसरीवर उडी मारण्याची सवय जुनी आहे. क्षयाच्या बाबतीत आपण ती उडी मारून पाहिलेली आहे. त्याबद्दल पुढे लिहिते आहेच.

पुस्तिकेची जुळवाजुळव मुंबईतल्या चेंबूरमध्ये झाली. विषयाला ही जागा साजेशीच म्हणायची. १९५६ साली भारत सरकार, सर दोराबजी टाटा ट्रस्ट आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांनी मिळून इथे लोकसंख्येच्या अभ्यासाचं प्रशिक्षण केंद्र काढलं. तेच आज देवनारचं आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थान. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची सूत्रं तिथूनच हलतात. देशात मुलं फार होतात, ही तेव्हाची काळजी होती. त्याच सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात बाईमागे सरासरी मुलं १९९२-९३ मध्ये २.९ होती, ती २०१९-२१ मध्ये १.७ वर आली. मुलं कमी कशी होतील याच्या मागे लागलेल्या यंत्रणेत मूलच न होणाऱ्या बाईला कोण विचारणार? अपवाद होते, आणि मोठे होते. परळच्या केईएममध्ये ६ ऑगस्ट १९८६ ला डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्माला आली, ती महापालिकेच्या रुग्णालयात आणि सरकारी संशोधन संस्थेच्या मदतीने. पण त्यानंतर हा उपचार वाढला तो मुख्यतः खाजगी दवाखान्यांत. नवी तपासणी आधी बाजारात येते आणि पुरावा मागून चालत येतो, याचं निदान एक कारण तरी हे आहे.

आता विज्ञान. १८९२ मध्ये जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ आल्बर्ट डोडरलाइन यांनी योनिमार्गातल्या काडीसारख्या जिवाणूंचं वर्णन केलं. हे जिवाणू, म्हणजेच लॅक्टोबॅसिलस, लॅक्टिक आम्ल तयार करतात, त्यामुळे तिथलं वातावरण आंबट राहतं आणि बाहेरच्या जंतूंना थारा मिळत नाही. गर्भपिशवी मात्र निर्जंतुक असते, असं १९०० च्या सुमारास पॅरिसच्या आंरी टिसिए यांनी मांडलं आणि वैद्यकाने ते शंभर वर्षं मानलं. चाचणीच तशी होती. नमुना घ्यायचा, काचेच्या बशीत घालायचा, काही वाढलं तर जंतू आहेत म्हणायचं. पुष्कळ जिवाणू बशीत वाढतच नाहीत. पुढे जिवाणू न वाढवता त्यांचा डीएनए वाचता येऊ लागला. प्रत्येक जिवाणूत सोळा-एस नावाचा जनुक असतो, त्याच्या फरकांवरून जात ओळखायची. मेलेल्या जिवाणूचाही डीएनए यात वाचला जातो, हे आत्ताच लक्षात ठेवलेलं बरं.

२०१६ मध्ये स्पेनमधल्या इन्माक्युलादा मोरेनो, कार्लोस सिमोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला आणि सगळं बदललं. आयव्हीएफ करणाऱ्या ३५ स्त्रियांच्या गर्भपिशवीतल्या द्रवात लॅक्टोबॅसिलस ९० टक्क्यांहून जास्त आहेत की कमी, एवढं त्यांनी पाहिलं. जास्त असलेल्यांत मूल जन्माला येण्याचं प्रमाण ५८.८ टक्के निघालं, कमी असलेल्यांत ६.७ टक्के. एवढी तफावत पाहिली की कुणीही चाचणी करून घेईल. पण टक्केवारी उलगडून पाहा : एका बाजूला १७ पैकी १०, दुसऱ्या बाजूला १५ पैकी १. एखाद्या मध्यम दवाखान्यात इतकी ट्रान्सफर थोड्या दिवसांत होतात. या निबंधाने एक शक्यता दाखवली, ती मोलाची होती. तिच्यावर उभ्या राहिलेल्या जाहिरातींनी मात्र ती शक्यता निकाल म्हणून विकली. याच चमूने २०२२ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या ३४२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातही जिवाणू आणि गर्भधारणा यांचा संबंध दिसला. तोही संबंधच. औषध दिल्याने निकाल बदलतो का, हे त्यातून कळत नव्हतं. जपानने त्याच वर्षी आयव्हीएफला सरकारी विम्यात घेतलं आणि ही तपासणी 'प्रगत उपचार' या वेगळ्या खात्यात ठेवली. विमा असलेल्या उपचाराबरोबर ती करता येते, तिचे पैसे मात्र रुग्णाने द्यायचे. मला ही व्यवस्था निदान प्रामाणिक वाटते. तपासणी अजून सिद्ध व्हायची आहे, हे तिच्या खात्यावरूनच कळतं.

नमुना कसा घेतात ते जवळून पाहिलं की अडचण कुठे आहे ते समजतं. पाळीच्या दुसऱ्या पंधरवड्यात बाईला टेबलावर घेतात. स्पेक्युलम लावून पिशवीचं तोंड समोर आणतात आणि पिपेल नावाची, जाडीला तीन मिलिमीटरच्या आसपास असलेली प्लास्टिकची लवचीक नळी आत सरकवतात. नळीतला दट्ट्या मागे ओढला की ओढ तयार होते आणि अस्तराचा धाग्याएवढा तुकडा नळीत येतो. मिनिटभराचं काम. कळ मात्र चांगलीच येते. 'थोडं दुखेल' हे डॉक्टरांचं वाक्य सरसकट खरं मानू नये. ही नळी आत जाताना योनिमार्गातून आणि पिशवीच्या तोंडातून जाते. तिथे जिवाणूंची गर्दी असते आणि आत त्यांची संख्या शेकडो-हजारो पटींनी कमी. दारातल्यांपैकी थोडे जरी नळीला चिकटून आत गेले तरी रिपोर्टमध्ये ते घरातलेच म्हणून मोजले जातात.

दुसरी गंमत प्रयोगशाळेतली. डीएनए वेगळा करण्याच्या किटमध्ये, त्यातल्या पाण्यात, रसायनांत स्वतःचा थोडा जिवाणू-डीएनए असतोच. नमुन्यात भरपूर जिवाणू असतील, शौचाच्या नमुन्यात असतात तसे, तर ही भेसळ जाणवत नाही. नमुन्यात मुळातच मूठभर असतील तर किटमधले पाहुणेच चकतीचा मोठा तुकडा बळकावतात. २०१४ मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी हे नीट दाखवून दिलं. त्याच वर्षी वारेत, म्हणजे प्लासेंटात, स्वतःची जिवाणूंची वस्ती असते असा दावा झाला आणि गाजला. २०१९ मध्ये केंब्रिजच्या गटाने ५३७ बाळंतपणांतल्या वारा अतिशय काटेकोरपणे तपासल्या. वस्ती नव्हती. जे सापडत होतं ते बहुतांशी किटमधून किंवा बाळंतपणात लागलेलं होतं. एक अपवाद होता, ब गटाचा स्ट्रेप्टोकोकस. तो काही वारांत खरोखर होता, आणि नवजात बाळाला त्याच्यापासून धोका असतो हे वैद्यकाला आधीच माहीत होतं. गर्भपिशवीच्या बाबतीत निकाल इतका स्वच्छ लागेलच असं नाही. पण लॅबला एक प्रश्न विचारायला काही हरकत नाही : माझ्या नमुन्याबरोबर नुसत्या पाण्याचा कोरा नमुनाही चालवला होता का, आणि त्यात काय निघालं?

आता सुरुवातीला म्हटलेल्या क्षयाकडे. हार्बर लाइनवर चेंबूरच्या पुढचं स्टेशन गोवंडी, त्यापुढे मानखुर्द. महापालिकेच्या हिशेबात एम पश्चिम आणि एम पूर्व असे दोन शेजारी विभाग. मुंबईच्या क्षयाचा विषय निघाला की एम पूर्वचं नाव आल्यावाचून राहत नाही. दाटीवाटीची घरं, वारा-ऊन नाही, डम्पिंग ग्राउंडचा धूर. क्षय फुप्फुसात होतो एवढंच लोकांना ठाऊक असतं. तो रक्तावाटे गर्भनलिकांत उतरतो आणि तिथे वर्षानुवर्षं न बोलता बसतो. जननमार्गाचा क्षय असलेल्या जवळजवळ सगळ्या स्त्रियांच्या नलिका बाधित असतात आणि निम्म्याहून अधिक जणींचं अस्तरही. पाळी अंगावर येत नाही, नळ्या बंद होतात, अस्तराचे पदर एकमेकांना चिकटतात. आपल्याकडच्या वंध्यत्वाचं हे खरं आणि गंभीर कारण आहे. म्हणूनच त्याच्या नावाने जे झालं ते नीट समजून घ्यायला हवं.

या क्षयात जंतू फार थोडे असतात, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली किंवा कल्चरमध्ये ते सहसा हाती लागत नाहीत. पीसीआर आली तेव्हा डॉक्टरांना हायसं वाटलं असणार. अस्तराचा तुकडा पाठवा, डीएनएचा एखादा धागा असला तरी ती मोठा करून दाखवते. आयव्हीएफच्या आधी टीबी-पीसीआर करणं कित्येक दवाखान्यांत रिवाज झाला. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की सहा महिने एकेटी : रिफॅम्पिसिन, आयसोनियाझिड आणि सोबतची औषधं. लघवी केशरी होते, तोंडाची चव जाते, मळमळतं, यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात. माझ्या ओळखीच्या एका बाईने या गोळ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवल्या होत्या, कारण सासूबाईंना 'टीबी' हा शब्द कळला असता तर घरात तिचं ताट वेगळं झालं असतं. खोकला नाही, ताप नाही, वजन उतरलं नाही, सोनोग्राफीत आणि दुर्बिणीतून काही दिसलं नाही. होता तो फक्त एक कागद. वय छत्तीस होतं आणि त्या सहा महिन्यांत ते वाढलंच.

काही जणींना एकेटीनंतर दिवस राहिले. मग औषधाचं नाव झालं. ज्यांनी औषध घेतलं नाही अशांपैकी किती जणींना तेवढ्याच काळात राहिले असते, हा हिशेब करायला कुणी थांबलं नाही. पीसीआर मेलेल्या जंतूचाही डीएनए पकडते आणि लॅबमधल्या भेसळीचाही, हे उशिरा लक्षात घेतलं गेलं. २०१६ मध्ये केंद्र सरकारच्या इंडेक्स-टीबी मार्गदर्शिकेने जननमार्गाच्या क्षयाचं निदान लॅपरोस्कोपीतल्या ठळक खुणा, सूक्ष्मदर्शकात किंवा कल्चरमध्ये सापडलेले जंतू आणि ऊतीतले बदल यांच्यावर टेकवलं. त्याआधी, जून २०१२ मध्ये, क्षयासाठी केल्या जाणाऱ्या रक्तातल्या अँटिबॉडीच्या चाचण्यांवर सरकारने थेट बंदी घातली होती, कारण त्या चुकीचे निकाल देत होत्या आणि तरी जोरात खपत होत्या. म्हणजे बाजारातली चाचणी मागे घेता येते. वेळ लागतो, आणि त्या वेळात अनेकींचे महिने जातात. वर अनावश्यक अँटिबायोटिकचा हिशेब वेगळाच. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातून डॉ. झरीर उडवाडिया यांनी सगळ्या औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाबद्दल जगाला सांगितलं त्याला फार वर्षं झालेली नाहीत. त्या मुंबईत कोणतंही अँटिबायोटिक 'घेऊन टाका, नुकसान काही नाही' म्हणून लिहिणं मला पटत नाही.

याच्या उलट टोकाचा अनुभवही महाराष्ट्रातलाच आहे. तो न सांगता पुढे गेले तर ही प्रस्तावना एकांगी होईल. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांमधल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ती प्रसिद्ध केली. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता, त्यातला मोठा भाग संसर्गाचा. त्याआधी आयुष्यात कधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. अंगावर पांढरं जातं, कंबर दुखते, हे बाईच्या जातीला असायचंच, असं धरून त्या जगत होत्या. या अभ्यासाला डीएनए लागला नाही. लागलं ते दारात जाऊन विचारणं, स्पेक्युलम आणि सूक्ष्मदर्शक. आजही चेंबूरमधल्या कुठल्याही दवाखान्यात योनिस्रावाची काचपट्टी करून जिवाणू-असंतुलन ओळखता येतं, तेही रंगीत चकतीच्या खर्चाच्या अगदी थोड्या भागात. अंगावर पांढरं जाण्याची तक्रार असलेल्या बाईला महागड्या तपासणीसाठी टेबलावर घ्यायचं आणि काचपट्टी करायची नाही, हे मला उफराटं वाटतं.

उपचारांबद्दल पुस्तिकेत दोन प्रकरणं आहेत, त्यामुळे इथे थोडक्यात. गर्भपिशवीच्या अस्तराला दीर्घकाळ सूज असणं, क्रॉनिक एंडोमेट्रायटिस, हा आजार खरा आहे. अस्तराच्या तुकड्यात प्लाझ्मा पेशी शोधून तो ओळखतात. त्यासाठी त्या पेशींवरचं सीडी-१३८ नावाचं प्रथिन रंगवून पाहतात. चांगले गर्भ पुन्हा पुन्हा ट्रान्सफर करूनही ज्यांना दिवस राहिलेले नाहीत, त्यांनी ही तपासणी करून घ्यावी, असं म्हणायला आधार आहे. निदान झालं तर साधारणपणे दोन आठवडे डॉक्सिसायक्लिन देतात. पहिल्याच आयव्हीएफच्या आधी सगळ्यांची सरसकट जिवाणू-तपासणी करायला मात्र असा आधार नाही. उलट डेन्मार्कमध्ये योनिमार्गातल्या जिवाणूंचं असंतुलन असलेल्या ३३८ स्त्रियांना आयव्हीएफच्या आधी क्लिंडामायसिन, क्लिंडामायसिन आणि जिवंत लॅक्टोबॅसिलस, किंवा नुसत्या दिखाऊ गोळ्या, अशा तीन गटांत विभागलं होतं. २०२५ मध्ये निकाल आला : दिवस राहण्याच्या प्रमाणात तिन्ही गटांत लक्षात घेण्याजोगा फरक पडला नाही. जिवाणू योनिमार्गातले होते, पिशवीतले नव्हते, असा आक्षेप घेता येतो आणि तो रास्त आहे. पण मग पिशवीतल्यांसाठी तसाच मोठा प्रयोग करून दाखवावा, तोवर थांबावं.

प्रोबायोटिकबद्दल विचारलं की हमखास दह्याचा विषय निघतो. दही खावं, चांगलंच आहे. पण विरजणातले जिवाणू दुधात रमणारे, योनिमार्गातला लॅक्टोबॅसिलस क्रिस्पॅटस हा वेगळा. अमेरिकेत याच क्रिस्पॅटसची एक जात थेट योनिमार्गात घालून पाहिली, तेव्हा अँटिबायोटिकनंतर बारा आठवड्यांत संसर्ग पुन्हा उद्भवण्याचं प्रमाण ३० टक्के राहिलं, दिखाऊ औषध घेणाऱ्यांत ते ४५ टक्के होतं. २०२० मधला हा अभ्यास उत्तम आहे. पण तो पुन्हा होणाऱ्या संसर्गाबद्दल आहे, मूल होण्याबद्दल नाही. केमिस्टकडे मिळणाऱ्या बहुतेक कॅप्सूलमध्ये ही जात नसतेच. आणि आतून धुण्याचे सुगंधी वॉश वापरू नयेत. त्यासाठी कुठल्याही चाचणीची गरज नाही.

'नॉर्मल' कुणाचं, हाही प्रश्न आहे. २०११ मध्ये अमेरिकेतल्या ३९६ निरोगी स्त्रियांचा अभ्यास झाला, तेव्हा गोऱ्या स्त्रियांत सुमारे दहा टक्क्यांमध्ये आणि कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक स्त्रियांत सुमारे चाळीस टक्क्यांमध्ये लॅक्टोबॅसिलसचं वर्चस्व नव्हतं, आणि तरी त्या निरोगी होत्या. नव्वद टक्क्यांची रेघ स्पेनमध्ये आखली गेली. ती विक्रोळीच्या किंवा वाशीमच्या बाईला तशीच लावायची, तर आधी इथल्या निरोगी बायकांत काय असतं ते पाहायला नको का? पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. योगेश शौचे यांनी भारतीयांच्या शरीरातल्या जिवाणूंचा नकाशा तयार करण्याचा आग्रह वर्षानुवर्षं धरला तो याचसाठी.

शेवटचा मुद्दा नवऱ्यांचा. नमुना बाईचा, टेबलावर बाई, गोळ्या बाईला आणि चकतीतला तुकडा लहान निघाला तर अपराधीही तीच. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १६४ जोडप्यांवर प्रयोग केला. जिवाणू-असंतुलनासाठी बायकोला नेहमीचा उपचार दिला आणि निम्म्या जोडप्यांत नवऱ्यालाही सात दिवस गोळ्या आणि लावायचं मलम दिलं. नवऱ्याला काहीच दिलं नव्हतं तिथे बारा आठवड्यांत ६३ टक्के बायकांना संसर्ग परत झाला, जिथे दिलं तिथे ३५ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की प्रयोग ठरल्याच्या आधीच थांबवला. या पुस्तिकेतलं सहावं प्रकरण त्यामुळे नवऱ्यांसाठी आहे. ते बायकोच्या फायलीतला कागद घेऊन दवाखान्यात जाण्याआधी, पहिल्या प्रकरणाच्याही आधी वाचलं तरी चालेल.